"एक सुई द्या, सुटतो" : नर्सिंगच्या मुलींना इच्छामरणाबद्दल विचारायचं तरी कसं?

उमरेडवाली

नमस्कार मंडळी. मी नागपुरात बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, हॉस्टेल मानेवाड्याकडे आहे एवढं पुरे. आमच्या सहा जणींच्या गटानं रिसर्च प्रोजेक्टला विषय घेतलाय, "नर्सिंग विद्यार्थ्यांचा इच्छामरणाकडे आणि मरणासन्न रुग्णाच्या शुश्रूषेकडे पाहण्याचा दृष्टिकोन". विषय मीच सुचवला होता, त्यामुळे काही अडलं की पाचही जणी माझ्याच तोंडाकडे बघून राहतात.

शुश्रूषेचा भाग सोपा गेला. त्यासाठी फॅटकॉड नावाची तयार मोजपट्टी आहे, फ्रोमेल्ट बाईंची, १९९१ ची. तीस विधानं, प्रत्येकाला पाच पर्याय. निम्मी विधानं सरळ आणि निम्मी उलटी, म्हणजे डोळे झाकून सगळीकडे "सहमत" करणारी पकडली जाते. (पहिल्या वर्षाला मी असेच फॉर्म भरायची, म्हणून मला हे फार आवडलं.) इच्छामरणाची विधानं मात्र आम्ही स्वतः लिहिली आणि तिथंच गाडी रुतली.

फॉर्म समजतो का हे बघायला दहा ज्युनिअर मुलींना भरायला दिला. "इच्छामरणाला मान्यता असावी" यावर बहुतेकींची टिक "सहमत"वर. मला बरं वाटलं, चला, काहीतरी निघालं. मग संध्याकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर त्यातल्याच चौघी भेटल्या, तर सहज विचारलं की तू काय समजून टिक केली. पहिली म्हणाली, व्हेंटिलेटर काढणं. दुसरी म्हणाली, इंजेक्शन देणं, परदेशात देतात तसं. तिसरी म्हणाली, भीष्मासारखं, आपण ठरवायचं कधी जायचं ते. चौथी म्हणाली, "ताई, डामा म्हणजे तेच ना?" तिच्या डोक्यात डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नातेवाईक सही करून पेशंटला घरी नेतात ते होतं. नातेवाइकांची इच्छा, पेशंटचं मरण. मी हसले, पण रात्री झोप नाही आली.

कारण माझंही तेच आहे. मागच्या उन्हाळ्यात पोस्टिंगला एक काका होते, भंडाऱ्याकडचे, साठीच्या आतले. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं गालाचा कॅन्सर, जखम गाल फोडून बाहेर आलेली, नाकातून नळी. बोलता येत नव्हतं. नातवाची चौकटीची गणिताची वही होती, तिच्यात लिहायचे. एकदा रात्रीचं फीड द्यायला गेले तर त्यांनी लिहिलं, "एक सुई द्या, सुटतो." मी वही मिटली. चक्क मिटली, उशीखाली सरकवली आणि म्हटलं, "काका, झोपा आता." बाहेर येऊन स्टाफ सिस्टरला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, असं सगळेच म्हणतात, नोट्समध्ये लिहू नको. तिसऱ्या दिवशी मुलगा सही करून त्यांना घरी घेऊन गेला.

त्या आठवड्यात मला कुणी हा फॉर्म दिला असता तर मी "पूर्ण सहमत" केलं असतं. आज दिला तर काय करीन, माहीत नाही.

तर विचारायचं असं, की "इच्छामरण" हा शब्द फॉर्ममध्ये ठेवू की काढू? काढला तर त्याच्या जागी काय? आणि वॉर्डात काम केलेल्या कुणी इथे असाल तर, तुम्ही काय केलं असतं हेही सांगा.

बर्डीवाला

मी वकील नाही, वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करतो. पण आमच्या साहेबांनी एका आजोबांचं लिव्हिंग विल, म्हणजे पुढे सांगता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचा कागद, करून दिलं, तेव्हा सगळे कागद माझ्या हातून गेले, म्हणून थोडं माहीत आहे.

तुमच्या चौघींपैकी पहिलीचंच उत्तर आपल्या कायद्यात बसतं. २०११ साली अरुणा शानबाग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं पहिल्यांदा म्हटलं की जगवणारे उपाय थांबवता येतील, पण हायकोर्टाच्या परवानगीनं. मग ९ मार्च २०१८ ला घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क कलम २१ मध्ये आहे असं सांगितलं आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. पण पद्धत इतकी किचकट, की न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. जानेवारी २०२३ मध्ये ती सुटसुटीत केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. रुग्णालयात उपचार थांबवायचे तर आधी एक वैद्यकीय मंडळ बघतं, मग दुसरं, दोन्हींनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. घरच्यांची संमती घेऊन आणि दंडाधिकाऱ्याला कळवून मगच पुढे.

दुसरीचं इंजेक्शन गुन्हाच आहे. पेशंटनं हात जोडून मागितलं तरी. संमती होती म्हणून खुनाचा सदोष मनुष्यवध होतो एवढाच काय तो फरक. डामाचा या सगळ्याशी काही संबंध नाही, तो रुग्णालयानं आपली मान सोडवायचा कागद आहे.

एक गोष्ट टाइप करताना लक्षात आली होती. त्या दोन्ही मंडळांत डॉक्टरच आहेत. नर्स कुठेच नाही. रात्री दोन वाजता वही कुणाच्या हातात येते, ते तुम्हीच लिहिलंय.

जुनी_सिस्टर

पोरी, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी तीस वर्षांच्या वर वॉर्डात काढली, त्यातली बरीचशी सर्जरी आणि कॅन्सरच्या पेशंटात. आता निवृत्त आहे, अजनीला राहते, गुडघे गेलेत. त्यामुळे वेळ आहे, लांबलचक लिहिते.

शब्दाचं नंतर. आधी काकांचं. तू त्यांना विचारलंस का, कोणती सुई?

रागावत नाहीये. मीही कित्येकदा विचारलं नाही. पण आपल्या भागातला पेशंट इंजेक्शनला सुईच म्हणतो. तापाची सुई, ताकदीची सुई, दुखण्याची सुई. "सुटतो" म्हणजे मरतो असंही होतं आणि या दुखण्यातून सुटतो असंही होतं. तुला मरणाची सुई ऐकू आली, कारण तू घाबरली होतीस. कदाचित तीच असेल. पण त्यांना दर चार तासांनी मॉर्फिन चालू होतं का? की त्याहून सौम्य ट्रामाडोलवरच ठेवलं होतं? तू ते लिहिलं नाहीस, म्हणून विचारते. उघड्या जखमेच्या कॅन्सरला मॉर्फिनची गोळी चुरून नळीतून देता येते, अगदी कमी डोसपासून सुरू करून वाढवत न्यायची, सोबत जुलाबाचं औषध, कारण बद्धकोष्ठ हमखास होतो. कितीतरी डॉक्टरांनाही वाटतं की मॉर्फिन दिलं की श्वास थांबतो. बेतानं वाढवलं तर थांबत नाही. पूर्वी मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागायचे की रुग्णालयं त्या भानगडीतच पडत नव्हती, २०१४ ला कायदा बदलला तेव्हा एकाच परवान्यावर आलं. कपाटं मात्र काही ठिकाणी अजून रिकामीच आहेत.

दुसरं, वास. तू वासाबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस, पण गाल फुटलेला पेशंट म्हणजे वास असणारच. मी असे पेशंट पाहिलेत की दुखणं सहन करतील पण नातू जवळ आला की तोंड फिरवतील. त्यांना मरायचं असतं ते या वासापायी. जखम सलाईननं धुवायची, मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड करून टाकायची, दोन दिवसांत फरक पडतो. दहा-वीस रुपयांचं काम आहे.

तिसरं, पैसा. शेत गहाण टाकून आलेला माणूस "सुटतो" म्हणतो तेव्हा स्वतः सुटायचं म्हणतो की पोराला सोडवायचं म्हणतो, हे विचारल्याशिवाय कसं कळणार?

सिसिली साँडर्स बाईंनी याला समग्र वेदना (टोटल पेन) म्हटलं होतं, म्हणजे अंगाची, मनाची, घरादाराची आणि देवाधर्माची, सगळी एकत्र. त्या आधी नर्स होत्या, पाठ धरली म्हणून काम सोडावं लागलं, मग पुढे डॉक्टर झाल्या आणि १९६७ ला लंडनला पहिलं आधुनिक हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांचं सेवाघर, काढलं. आपल्याकडे मुंबईचं शांती आवेदना सदन १९८६ चं. नागपुरातही स्नेहांचल आहे, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या लोकांसाठी. तुमच्या सहा जणींनी एक दिवस तिथं परवानगी काढून जा, फॉर्म घेऊन नको, नुसतं बसायला.

आता अरुणाबद्दल, कारण ते नाव निघालं. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला, ती मुंबईच्या केईएममधली आपल्यासारखीच स्टाफ नर्स. मेंदूला इजा होऊन तेव्हापासून ती अंथरुणातच होती. पत्रकार बाईंनी कोर्टात जाऊन म्हटलं, तिला जाऊ द्या. केईएमच्या सिस्टर म्हणाल्या, नाही, आम्ही तिला सांभाळतो. कोर्टानं सिस्टरांचं ऐकलं. इतक्या वर्षांत तिला एक बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, झाला नाही, हे कोर्टासमोर आलं होतं. २०११ ला निकाल लागला तेव्हा आमच्या ड्यूटी रूममध्ये भांडणं झाली. मी सिस्टरांच्या बाजूनं. माझी एक मैत्रीण म्हणाली, "बेडसोअर नाही झाला हे तिच्यासाठी की आपल्यासाठी?" मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. अरुणा १८ मे २०१५ ला निमोनियानं गेली. त्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला, दोघी रडलो, आणि वाद मात्र आहे तिथंच राहिला.

म्हणून तुमच्या फॉर्ममध्ये कोणी "असहमत" म्हटलं तर ती जुनाट आहे आणि "सहमत" म्हटलं तर पुढारलेली, असं मांडू नका. थिसिसवाले नेमकं तेच करतात.

काटोलकर

नर्स नाही, डॉक्टर नाही. पेशंटचा मुलगा.

ताई, तुमच्या फॉर्ममध्ये बिल कुठं आहे?

माझे वडील एका खासगी दवाखान्यात १९ दिवस व्हेंटिलेटरवर होते. नाव घेत नाही. मेंदूतला रक्तस्राव. दहाव्या दिवशी एका डॉक्टरनं मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं की आता काही होणार नाही. मी म्हटलं, मग काढा. तो म्हणाला, आम्ही काढू शकत नाही, तुम्ही नेऊ शकता. बर्डीवाले भाऊ सांगतात तो दोन मंडळांचा रस्ता मला कुणीच सांगितला नाही. तेव्हा तो होता, हे मला आज कळून राहिलं.

१९ व्या दिवशी पैसे संपले. सही केली. अँब्युलन्समध्ये एक मुलगा श्वास देणारी बॅग हातानं दाबत होता, म्हणाला घरी पोचेपर्यंत दाबतो, दारात काढतो, आईला घरातच गेले असं वाटेल. कळमेश्वरच्या पुढे त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि बॅग माझ्या हातात दिली. म्हणाला, दादा हात दुखला, थोडं तुम्ही दाबा. मी दाबत राहिलो. ते आधीच गेले होते की माझ्या हातात गेले, मला माहीत नाही. त्या पोराला माहीत असणार. मी विचारलं नाही.

इच्छामरण म्हणा नाहीतर काहीही म्हणा. त्या चौथ्या मुलीची टिक चुकीची नव्हती.

ब्रदर_मेडिकल_चौक

मी पण शेवटच्या वर्षाला, दुसऱ्या कॉलेजात. आम्हा मुलांकडे सगळे फक्त लास्ट ऑफिससाठी बघतात. बॉडी उचलायची, पट्टी बांधायची, मॉर्च्युरीत न्यायची म्हटली की "ब्रदरला बोलवा". जिवंत असताना त्या पेशंटजवळ मला पाच मिनिटं कुणी बसू दिलं नाही. तुमच्या फॉर्ममध्ये मुलगा-मुलगी वेगळं काढणार असाल तर हे लक्षात घ्या, आमची उत्तरं कोरडी वाटतील.

आणि डीएनआरबद्दल, म्हणजे हृदय थांबलं तर ते परत चालू करायचा प्रयत्न करू नये या सूचनेबद्दल, एक प्रश्न नक्की टाका. २०२० ला आयसीएमआरनं त्याची मार्गदर्शक सूत्रं काढलीत, लेखी नोंद करायची, घरच्यांशी बोलायचं, सगळं आहे. मी जिथं पोस्टिंग केलं तिथं डीएनआर तोंडी चालायचं. राउंडला सर म्हणायचे, "यांचं फार काही करू नका." काही म्हणजे किती, ते रात्रीच्या सिस्टरनं समजून घ्यायचं.

पवनारवरून

मी वर्ध्याकडचा. १९८२ च्या नोव्हेंबरात विनोबांना हृदयविकाराचा झटका आला, त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडलं आणि १५ तारखेला पवनारच्या आश्रमात गेले. मी शाळेत होतो. आमच्या घरी त्याला कुणी इच्छामरण म्हटलं नाही, आत्महत्या तर नाहीच. प्रायोपवेशन म्हणायचे. तुमच्या चार उत्तरांत तोंड मिटून घेणारा माणूस कुठं बसतो? आणि तो तुमच्या वॉर्डात असेल तर नळी घालणार का?

जुनी_सिस्टर

पवनारवाले दादा, प्रश्न बरोबर आहे आणि मला त्याचं एक उत्तर नाही. शुद्धीत असलेल्या माणसानं नळी नको म्हटलं तर घालू नये, हे मी शेवटी शेवटी शिकले. आधी घातल्यात. हात धरून घातल्यात. पेशंट जाताजाता खाणं आपोआप कमी करतो, शरीराला नको असतं, तेव्हा बळजबरीनं भरलेलं छातीत जातं. घरच्यांना मात्र वाटतं उपाशी गेला. त्यांच्यासाठी एक काम द्यायचं, ओल्या गॉजनं ओठ पुसायचं. चमच्यानं पाणी पाजत असल्यासारखं वाटतं त्यांना.

काटोलकर दादा, तुमचं वाचलं. त्या पोराला विचारलं नाहीत, बरं केलंत. त्यानंही खरं सांगितलं नसतं.

उमरेडवाली

सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर देता आलं नाही, कम्युनिटीचं पोस्टिंग चालू होतं, वर ४५ डिग्री.

गाईड मॅडमना हा सगळा धागा दाखवला. त्यांनी आधी विचारलं, "यातली उमरेडवाली कोण?" मग म्हणाल्या, शीर्षकात इच्छामरण राहील, कारण विषय तसा मंजूर झालाय. पण आतल्या विधानांतून शब्द काढायला हो म्हणाल्या. आता आम्ही छोटे प्रसंग लिहितोय. व्हेंटिलेटरचा एक, त्यात लिव्हिंग विल असलेलं आणि नसलेलं. पेशंटनं मरणाचं इंजेक्शन मागितलं असा एक. अन्नपाणी सोडलेल्या आजींचा एक. मॉर्फिन वाढवायचं आहे पण सिस्टर घाबरतेय असा एक. आणि सही करून घरी नेण्याचा एक, त्यात कारण म्हणून पैसा स्पष्ट लिहिलाय. तो इच्छामरणाच्या भागात नाही घेतला, काटोलकर दादा, पण सोडलाही नाही, वेगळा ठेवलाय. प्रत्येक प्रसंगाखाली सहमत-असहमतच्या आधी एक रिकामी ओळ आहे, "तुम्ही रुग्णाला पहिला प्रश्न कोणता विचाराल?" मॅडम म्हणाल्या, या ओळीचं स्टॅटिस्टिक्स कसं काढणार. मी म्हटलं, नाही काढणार, वाचणार.

सिस्टर, काकांचं. केस बुक काढून पाहिलं. डायक्लोफेनॅक आणि ट्रामाडोल. मॉर्फिन नव्हतं. आणि तुम्ही वासाचं लिहिलं ते वाचून एक आठवलं, जे मी आधी विसरलेच होते. वही नातवाची होती, पण नातू आला की काका भिंतीकडे तोंड करून पडायचे. तो पोरगा खाटेच्या पायाकडून विचारायचा, "आबा, माही वही देता का, उद्या शाळा आहे." मला वाटायचं काकांना पोरगं आवडत नाही.

मेट्रोनिडाझोल किती घ्यायचं आणि रोज की एक दिवसाआड? पुढच्या आठवड्यापासून परत त्याच वॉर्डला पोस्टिंग आहे.

जुनी_सिस्टर

रोज. गोळ्या साखर लेपलेल्या नकोत, साध्या घे. ४०० च्या दोन-तीन, जखमेच्या आकाराप्रमाणे, अगदी बारीक पूड. गॉज चिकटला तर ओढू नको, सलाईननं भिजव, रक्त येतं त्या जखमांना. आधी डॉक्टरांकडून लिहून घे, विद्यार्थिनी आहेस. आणि ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दुखण्याचं औषध द्यायला सांग. ते कुणी देत नाही.